झाकली मूठ

28 मीटर खोलीवर, बुडालेल्या एका जहाजाच्या कठड्याशी, जोडीदाराने माझ्याकडे वळून अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ दाखवलं. ठीक आहेस ना? मीही वर्तुळ दाखवलं. ठीक आहे. तो पुन्हा कॅमेऱ्याकडे वळला आणि मी प्रवाहाविरुद्ध पाय मारत त्याच्या मागे राहिलो. टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या माझ्या गेजचा काटा तेव्हा 80 बारच्या जरा खाली होता. त्याचा कुठे होता ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. दोघांच्या लॉगबुकात मिळून हजाराच्या वर डायव्ह. किती उरलं हे एकमेकांना विचारण्याचे दिवस मागे पडले, अशी बहुधा दोघांचीही समजूत होती.

बोटीवर टाक्या उतरवताना पाहिलं, तर माझ्याकडे 30 बार आणि त्याच्याकडे 20. वर येताना थांबायला हवं तिथे थांबलो होतो, कुणाला काही झालं नव्हतं. तो हसून म्हणाला, "अगदी हिशेबात आलो." मीही हसलो.

हिशेब कसला, हे मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिलं. पृष्ठभागावर हवेचा दाब साधारण 1 बार, आणि पाण्यात दर 10 मीटरला तो आणखी 1 बारने वाढतो, त्यामुळे 28 मीटरवर 3.8 बार. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा माणूस तिथे 76 लिटर घेतो. घाबरला की 20 चे 30 सहज होतात. आमच्या टाक्या 12 लिटरच्या. आता समजा, तळाशी त्याची हवा संपली आणि दोघांना माझ्या एकट्याच्या टाकीवर वर यायचं आहे. एकमेकांपर्यंत पोचून, माझा दुसरा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण, त्याला देऊन, श्वास जागेवर आणायला एक मिनिट धरलं, तर घाबरलेल्या दोघांचे मिळून 228 लिटर. मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर यायला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, सुमारे 450 लिटर. 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घेतलेला थांबा, आणखी 270. बेरीज 950 च्या आसपास. ती टाकीच्या 12 लिटरने भागली की 79 बार. ज्या क्षणी मी ते वर्तुळ दाखवलं, नेमका तोच क्षण वर निघण्याचा होता. आम्ही त्यानंतर तीन मिनिटं तिथेच काढली. निघताना माझ्याकडे 55 बार होते. त्यात दोघं सेफ्टी स्टॉप न करताही जेमतेमच पोचलो असतो, म्हणजे बहुधा पोचलो नसतो.

या लेखाचा विषय तो हिशेब नाही. तो शिकवणारे पुष्कळ आहेत आणि आम्हा दोघांनाही तो येत होता. माझा मुद्दा असा आहे की अनुभवी डायव्हरांनी पाण्याखाली आपला आकडा जोडीदाराला ठरलेल्या टप्प्यांवर, न विचारता, सांगितलाच पाहिजे. आणि बोटींनी, क्लबांनी, गटनायकांनी "ते जुने आहेत, त्यांना काय सांगायचं" म्हणून यातून कुणालाही सूट देऊ नये. नवशिक्यांना हे सांगावं लागत नाही. ते विचारतातच, कारण शिकवणीत ते घोटून घेतलेलं असतं आणि त्यांना भीतीही असते. पन्नासेक डायव्हनंतर विचारणं विरळ होतं. काहीशे डायव्ह झालेल्या माणसाला कुणी तळहातावर दोन बोटं आपटून "किती?" असं विचारलं की त्याच्या भुवया मास्कच्या आत चढतात. मी चढवलेल्या आहेत.

जाता जाता एक. बातम्यांमध्ये डायव्हरच्या पाठीवर "ऑक्सिजनचा सिलिंडर" असतो. तो तसा नसतो. त्यात साधी दाबलेली हवा असते किंवा नायट्रॉक्ससारखं, ऑक्सिजन वाढवलेलं मिश्रण. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली घेतला तर झटके येऊन माणूस बुडू शकतो. म्हणून आमच्यात हवा न म्हणता बरेचदा "गॅस" म्हणतात. मी या लेखात दोन्ही म्हणणार आहे.

सुरुवातीच्या काळात गेजच नव्हता, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने श्वासागणिक हवा देणारा रेग्युलेटर बनवून पाण्याखालच्या श्वासाचा प्रश्न सोडवला, पण टाकीत किती उरलं हे कळायला नंतरची कित्येक वर्षं सोय नव्हती. टाकीवर राखीव झडप असायची. श्वास ओढायला जड झाला की पाठीमागची कांब खाली ओढायची. शेवटचा राखून ठेवलेला हिस्सा मोकळा व्हायचा आणि माणूस वर निघायचा. घोळ असा की ती कांब कशात तरी अडकून आधीच खाली आलेली असायची, किंवा टाकी भरतानाच उघडी राहिलेली असायची. मग श्वास जड होई, हात मागे जाई आणि तिथे काहीच नसे. त्यामुळे कांब वर आहे का हे पाहायला दुसऱ्याचे डोळे लागायचे. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. पुढे गेज आला, तो स्वतःच्या हाताशी आला, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज संपल्यासारखी वाटू लागली. सोय वाढली, पण एक सवय त्यात गेली.

सवय गेल्याची किंमत कागदावर आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेच्या संशोधकांनी 2008 मध्ये हौशी डायव्हिंगमधल्या 947 मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत घटनांच्या साखळीची पहिली कडी सापडली, त्यांतल्या 41 टक्क्यांत ती कडी अपुरा गॅस ही होती. उपकरण बिघडणं हे 15 टक्क्यांत. म्हणजे ज्या वस्तूंवर आपण सर्वात जास्त पैसा आणि बोलणं खर्च करतो, त्या फार मागे आहेत. गेज बहुतेक वेळा बरोबरच दाखवत असतो.

मग आपण काय बोलतो पाण्याखाली? बहुतेक वेळा ते एक वर्तुळ. अंगठा-तर्जनीची खूण ही रस्त्यात भेटलेल्याने "काय, कसं काय?" विचारावं आणि आपण "बरं आहे" म्हणून पुढे जावं तशी झाली आहे. ताप असला तरी "बरं आहे". त्या वर्तुळात माहिती नसते, शिष्टाचार असतो. माझ्या जोडीदाराने त्या दिवशी विचारलं ते प्रामाणिकपणे, आणि मीही खोटं बोललो नाही. मला खरंच ठीक वाटत होतं. 80 बारवर माणसाला ठीकच वाटतं. 30 बारवरही वाटतं. संपेपर्यंत शरीर काहीच सांगत नाही.

आणि गंमत बघा. जो आकडा पाण्याखाली विचारायला कुणी धजत नाही, तोच वर आल्यावर सगळे हौसेने विचारतात. "तुझ्याकडे किती उरलं?" टाकी खाली ठेवायच्या आत सुरू होतं. ज्याच्याकडे 90 त्याची छाती फुगते, ज्याच्याकडे 40 तो प्रवाहाची कहाणी सांगू लागतो. कमी हवा लागणं ही अनुभवाची खूण मानली जाते, त्यामुळे जास्त लागणं ही लाज. लाज असली की माणूस आकडा झाकतो. श्वास रोखून हवा वाचवणारे पट्टीचे डायव्हर मी पाहिले आहेत. वर येऊन दिवसभर डोकं धरून बसतात, कारण कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण जमिनीवर एकवेळ खपून जाते. पाण्यात झाकलेल्या मुठीतला आकडा दोघांचा असतो.

"दोघांचा" हे मी अलंकारासाठी म्हणत नाही. गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांचा एक-तृतीयांशाचा नियम घ्या. शेक एक्सली या अमेरिकन गुहा-डायव्हरने 1970 च्या दशकात गुहांमधल्या मृत्यूंची छाननी केली. परतीचा सलग दोर नसणं, फार खोल जाणं, आणि बाहेर पडण्यासाठी दोन-तृतीयांश गॅस न राखणं, ही कारणं पुन्हा पुन्हा समोर आली. म्हणून एक तृतीयांश आत जायला, एक बाहेर यायला आणि एक राखीव. हा राखीव भाग आपला, अडीअडचणीसाठीचा, असं बहुतेकांना वाटतं. गणित करून पाहा. दोघं सारख्या टाक्यांनी आत गेले, अगदी टोकाला पोचल्यावर एकाचा सगळा गॅस गेला. दुसऱ्याकडे दोन-तृतीयांश आहे. दोघांना बाहेर यायला प्रत्येकी एक-तृतीयांश लागतो. उरलं शून्य. म्हणजे तो राखीव भाग पै न पै जोडीदाराचा होता, आणि त्यात धाप लागण्यासाठी, वाट चुकण्यासाठी एक श्वासही वेगळा ठेवलेला नव्हता. टाक्या लहानमोठ्या असतील तर तेवढंही जुळत नाही. 10 लिटरच्या टाकीतले 200 बार म्हणजे 2000 लिटर, 15 लिटरच्या टाकीतले 3000. "माझेही 200, तुझेही 200" यात समानता फक्त काट्यांची आहे.

1994 मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या पाण्याने भरलेल्या विवरात एक्सली स्वतः गेला. तो आणि जिम बाऊडेन हे दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या दोरांनी विक्रमी खोलीकडे उतरत होते. आपला गॅस ठरवल्यापेक्षा कमी उरल्याचं दिसताच बाऊडेन वळला आणि वाचला. एक्सली वर आला नाही. त्या खोलीवर कुणी कुणाला काही सांगू शकत नव्हतं. बेतच तसा होता. याला उदाहरण म्हणून वापरताना मला जरा संकोच वाटतो, कारण ती माणसं आपल्यापेक्षा फार वेगळ्या पातळीवरची होती. पण आपण 28 मीटरवर, हाताच्या अंतरावर, स्वच्छ पाण्यात, जवळपास तितकेच एकेकटे असतो, आणि तेही आपणहून.

अनुभवी माणसाला प्रश्न का विचारवत नाही, याचा सर्वात चांगला धडा मला पाण्यात नाही, विमानाच्या गोष्टीत सापडला. 28 डिसेंबर 1978. युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं डीसी-8 विमान पोर्टलंडला उतरताना चाकांबद्दल शंका आली. कॅप्टन 27 हजारांहून जास्त तास उडालेला. त्याने विमान जवळपास तासभर घिरट्या घालत ठेवलं, चाकांचा प्रश्न नीट निस्तरावा आणि प्रवाशांची तयारी व्हावी म्हणून. इंधन घटत होतं. कॉकपिटमधल्या इतर दोघांना ते दिसत होतं, त्यांनी आकडे उच्चारलेही, पण "आता उतरा, इंधन संपतंय" असं ठणकावून कुणी म्हणालं नाही. एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान उपनगरात कोसळलं. 189 पैकी 10 जण गेले. आग लागली नाही, कारण पेटायला इंधनच नव्हतं. त्या अपघाताच्या चौकशीनंतर कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं आणि वरिष्ठाने ऐकायचं, याचं रीतसर प्रशिक्षण विमानक्षेत्रात सुरू झालं. आकडा दिसत होता, एक माणूस दुसऱ्याच कामात रमला होता आणि बाकीच्यांना त्याच्या अनुभवाचा आदर होता. आमच्या जहाजाच्या कठड्याशी याहून वेगळं काय होतं? चाकांच्या जागी कॅमेरा, एवढंच.

आता विरोधकांचं ऐकू. त्यांच्यातले काही माझे मित्र आहेत.

पहिलं म्हणणं: मला माझा खप ठाऊक आहे, गेज न पाहताही मी सांगू शकतो. मान्य, आणि खरोखर येत असेल तर ते फार उपयोगी कौशल्य आहे. पण तुझा खप मला ठाऊक आहे का? आज प्रवाह आहे, हातमोजे नवीन आहेत, रात्री झोप झाली नाही. आजचा खप कालचाच आहे का? आणि तुला माझा ठाऊक आहे का?

दुसरं जरा वजनदार आहे. आता टाकीचा दाब बिनतारी पाठवणारे ट्रान्समीटर आहेत. जोडीदाराचा दाबही माझ्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर दिसतो, खुणा कशाला? मी ट्रान्समीटर वापरतो, आणि सोडणार नाही. पण तुझा आकडा मला दिसतो हे तुला कसं कळणार? आणि मी तो शेवटचा कधी पाहिला? मला माहीत आहे, हे तुला माहीत आहे, आणि तुला ते माहीत असल्याचं मलाही माहीत आहे, इथवर पोचल्याशिवाय दोन माणसांचा एक संघ होत नाही. कॉम्प्युटर पहिल्या पायरीवर थांबतो. शिवाय खुणेत आकड्याहून जास्त काही असतं. 35 मीटरवर मी "किती?" विचारल्यावर तू गेज उचलतोस, बघतोस, पुन्हा बघतोस, एक बोट दाखवतोस, मग अडखळतोस. ते अडखळणं मला गॅसपेक्षा मोलाचं आहे. खोल पाण्यात दाबाखालच्या नायट्रोजनने येणारी धुंदी चढू लागल्याचं तुला कळायच्या आधी मला कळतं. मनगटावरचा आकडा धुंदीत नसतो, म्हणून तो हे सांगू शकत नाही.

तिसरे म्हणतात, आम्ही स्वयंपूर्ण आहोत, वेगळी छोटी टाकी बाळगतो, कुणावर अवलंबून नाही. त्यांच्याशी माझं भांडण सर्वात कमी. तसं शिकून, तशी सामग्री घेऊन, एकटा म्हणून उतरणारा निदान स्वतःशी खरं बोलतो. मला धास्ती वाटते ती जोडीच्या नावाने उतरून एकट्यासारखं वागणाऱ्यांची, म्हणजे ना दुसरी टाकी, ना दुसरा माणूस. एकाच समुद्रात आहोत, एवढंच त्यांचं नातं.

करायचं काय, तर फार थोडं. उतरण्यापूर्वी दोन मिनिटं. टाकी कितीची, तुझा गेज बारमध्ये आहे की पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड), आणि खुणा कोणत्या. हे शेवटचं हास्यास्पद वाटतं, पण छातीशी धरलेली मूठ एका ठिकाणी "हवा कमी आहे", दुसऱ्या ठिकाणी नुसती मूठ म्हणजे 50 बार, आणि टेक्निकल, म्हणजे हौशी मर्यादेपलीकडच्या, डायव्हिंगमध्ये मूठ म्हणजे "थांब, आहेस तिथेच राहा". दोन्ही हातांचा इंग्रजी टी काही ठिकाणी 100 बार. गढूळ पाण्यात तो सेफ्टी स्टॉपच्या खुणेशी गल्लत करतो. पीएसआयवाल्याने "एक, पाच" दाखवलं तर त्याचे 1500 म्हणजे आपले 103 बार. बारवाला ते 150 वाचतो, आणि 47 बार न फुटलेल्या टाकीतून गायब होतात. म्हणून आकडे एकेक करून, एका हाताने: एक ते पाच उभी बोटं, सहा ते नऊ आडवी. जोडीदाराने तोच आकडा परत दाखवायचा.

मग वळायचा दाब आणि निघायचा दाब ठरवायचा, आणि तो दोघांपैकी कमी असलेल्याच्या आकड्यावर चालेल हे कबूल करायचं. पाण्यात शिरल्यावर विचारणं बंद करा असं मी म्हणेन. विचारण्यातच उतरंड आहे; शिक्षक विद्यार्थ्याला विचारतो. त्याऐवजी प्रत्येकाने सांगायचं, 150 ला, 120 ला, 100 ला, जसं ठरलं असेल तसं. सांगण्यात कुणाची पायरी खाली येत नाही. गेज पाहण्यापूर्वी मनात आकडा धरायचा, आपलाही आणि जोडीदाराचाही. अंदाज चुकू लागला की काहीतरी बदललंय. आणि अंगठा वर, म्हणजे डायव्ह संपली. कुणीही, कधीही, कारण न देता. गुहावाल्यांत हा नियम जुना आहे आणि त्यावर वर आल्यावरही वाद घालत नाहीत. आपल्याकडे मात्र "अरे, अजून 70 होते ना तुझ्याकडे?" असं बोटीवर ऐकावं लागतं, आणि पुढच्या वेळी तो अंगठा तीन मिनिटं उशिरा वर होतो.

बोट चालवणाऱ्यांकडून आणि क्लबांकडून माझी अपेक्षा एकच. ठरलेल्या दाबाच्या खाली पृष्ठभागावर आलेल्याला, त्याचा अनुभव कितीही असो, तिथेच शांतपणे विचारावं की काय झालं. शिक्षा नको, टोमणे नकोत. पण "कुणाला काही झालं नाही ना" हे उत्तर चालू देऊ नये. चॅलेंजर या अमेरिकन अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास करताना डायेन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक गोष्ट दाखवली होती. नियमापासून थोडं सरकलं आणि वाईट काही घडलं नाही, की ते सरकणंच नवा नियम बनतं. आमचे ते 30 आणि 20 बार हसण्यावारी गेले नसते, कुणी दोन मिनिटं आमच्याशी बोललं असतं, तर मला रात्री कागद घेऊन बसावं लागलं नसतं. त्या बोटीवर आम्हीच सर्वात जुने होतो. कोण बोलणार?

अलीकडे माझ्यासोबत एक तरुण मुलगा होता, जेमतेम साठ डायव्ह झालेला. तळाशी त्याने आधी स्वतःचा आकडा दाखवला, एक, दोन, शून्य. मी मनात माझे 110 धरले आणि गेज उचलला. 95. मी आडवी चार बोटं दाखवली, मग उभी पाच. त्याने तोच आकडा परत दाखवला, आपल्या पाटीवर काहीतरी पाहिलं आणि अंगठा वर केला. आमचं निघायचं 90 ला ठरलं होतं. समोर खडकाच्या कपारीत एक मोठी मोरे ईल नुकतीच बाहेर येत होती. माझा अंगठा वर जायला एक क्षण जास्त लागला, आणि तो क्षण त्याने पाहिला.